थोआच्या वाट्याला आलेला दोष

थोआचा आवाज धरणाच्या या काठावरून त्या काठाला जायचा. तिची सासू ठार बहिरी, तिच्याशी बोलून बोलून सुनेचा आवाज वाढला असं लोक म्हणत. मी म्हणायचे, उलट आहे, सुनेचा आवाज ऐकून ऐकून सासू बहिरी झाली. यावर सगळ्यात मोठ्याने थोआच हसायची आणि माझ्या टपरीवरचे पेले खरोखर थरथरायचे.

माझी टपरी पाटबंधाऱ्याच्या ऑफिससमोर आहे. रस्त्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. सकाळी चिकट भात आणि शेंगदाण्याचं कूट, दिवसभर हिरवा चहा. ऑफिसातल्यांना वाटतं, ल्युएन मावशी नुसता चहा ओतते. अहो, चहा ओतताना कान काही झाकून ठेवावे लागत नाहीत. कोणाची बदली व्हायची आहे, कोणाची बायको रुसून माहेरी गेली आहे, हे साहेबाच्या आधी माझ्याकडे पोचतं.

थोआ इथे आली तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती, बंधाऱ्यावर माती वाहायला. काम संपलं, बाकीच्या पोरी आपापल्या गावी गेल्या, ही राहिली. आधी धरणाच्या दरवाज्यांना वंगण घालायची, मग दरवाजे फिरवायला शिकली, राहिलेल्या इयत्ता रात्रशाळेत पुऱ्या केल्या. नवरा सुतारकामाला दक्षिणेत गेला तो तिकडचाच झाला. त्याची आई मात्र हिच्या गळ्यात राहिली. मी कधी त्यावरून नवऱ्याला शिव्या घातल्या तर थोआ म्हणायची, "राहू दे गं मावशी. अशी सासू कोणाला मिळते? मी काहीही बोलले तरी भांडत नाही."

पुढे पुढे तिच्याकडे इशाऱ्याचं काम आलं. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवायचा, धरणाखालच्या वाड्यांना कळवायचं. भोंगा एकच, नदीच्या वळणावर खांबाला टांगलेला. थोआ तो घासूनपुसून ठेवी. कावळ्याने त्यात घरटं केलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबून मग घरटं काढी आणि तोवर स्वतः खाली जाऊन ओरडून येई. तिच्या आवाजाची अशी पगारी सोय झाली होती.

आता झडतीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. सरकारी ऑफिसात वर्षअखेरीला प्रत्येकाने स्वतःची झडती द्यायची असते. वर्षभर काय केलं, कुठे कमी पडलो, पुढच्या वर्षी काय करायचं, हे सगळ्यांपुढे उभं राहून वाचायचं. मग बाकीचे हात वर करून ठरवतात, याचं वर्ष उत्तम की बरं की वाईट. बढती मिळते ती त्याच्यावर. आमच्या चुलीचा देवही वर्षाच्या शेवटी वर जातो आणि घरातलं सगळं सांगतो, म्हणून त्याच्यापुढे आधी गोड ठेवतात. पण तो बिचारा निदान आपलं आपण बोलतो. आमच्याच तोंडून वदवून घेत नाही.

यातली मेख अशी की दोष सांगावाच लागतो. दोष नाही म्हणालात तर गर्विष्ठ ठरता, आणि खरा सांगितलात तर मेलात. म्हणून लोकांनी एक दोष शोधून ठेवला आहे. "मी भिडस्त आहे. सहकाऱ्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायला कचरतो." वाचायला दोष, ऐकायला गुण. दर वर्षी ऑफिसातले सगळे भिडस्त. एकमेकांच्या उरावर बसणारेसुद्धा त्या दिवशी भिडस्त. आदल्या दिवशी माझ्याकडे चहा पिताना ते एकमेकांना विचारत, "तू काय होणार या वर्षी?" आणि हसून लोटपोट होत. मीही हसायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि भोंगा गेला. थोआने त्याच सकाळी त्राकला सांगितलं. त्राक म्हणजे ऑफिसचा प्रमुख. मऊ बोलणारा, पांढरा शर्ट, केस नेहमी नीट. गोगलगाय आणि पोटात पाय. माझ्या टपरीवर, याच बाकावर बसून थोआ म्हणाली, "दादा, भोंगा मेलाय. पावसाळ्याआधी नवा पाहिजे."

"वर कळवलंय, ताई," त्राक म्हणाला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. 'वर कळवलंय' हे त्राकच्या तोंडात विड्यासारखं असायचं, चघळायचं आणि थुंकायचं. एकदा तर म्हणाला, "रंग तरी लावून घ्या त्याला. वरचे लोक पाहणीला आले तर बरा दिसेल." थोआने रंगही लावला. लाल, झळझळीत. मुका भोंगा तिथे नव्या नवरीसारखा टांगलेला होता.

पाऊस आला तो काय आला! आठवडाभर आभाळ उघडलं नाही. धरण काठोकाठ भरलं, आणि एका दुपारी त्राकने घरून फोन केला, दरवाजे आत्ताच्या आत्ता उघडा. थोआ धावत माझ्याकडे आली. "मावशी, पातेलं दे, मोठं!" मी चहाचं पातेलं रिकामं केलं आणि तिच्या हातात दिलं. पातेलं आणि पळी घेऊन ती मोटारसायकलवर बसली. इकडे हीएप, म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला दरवाजेवाला, तिने अर्धा तास मागितला म्हणून चाकाला हात लावून थांबला होता. त्राकचा पुन्हा फोन आला. हीएपने दरवाजे उघडले.

पातेलं बडवत, ओरडत थोआने जवळजवळ सगळ्या वाड्या उठवल्या. म्हातारी माणसं, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढलं. वळणापाशी मात्र रस्ता पाण्याखाली गेला होता. पलीकडे वाळूच्या पट्ट्यावर लान्ह नावाचा माणूस आपल्या म्हशी आणायला उतरला होता. थोआ त्या लाल भोंग्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि ओरडत राहिली. लान्हची बायको बांधावर होती. ती म्हणते, आवाज आला होता, पण पावसात शब्द कळले नाहीत.

म्हशी पोहून आल्या. लान्ह खाली बांबूच्या बेटात सापडला.

माझं पातेलं पोचे येऊन परत आलं. थोआचा आवाज मात्र आला नाही. आधी वाटलं, घसा बसलाय, आल्याच्या काढ्याने सुटेल. महिना गेला, दोन गेले. ती बोलायची ते कोंड्यातून वारा गेल्यासारखं. सासू तिच्या ओठांकडे बघून रडायला लागायची. दर पंधरवड्याला थोआ लान्हच्या घरी उदबत्ती लावायला जायची आणि तिथून येऊन माझ्या बाकावर गप्प बसायची.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही मला आवडल्या नाहीत. एक म्हणजे प्रांताच्या मुख्य गावाहून लान्हच्या मृत्यूची चौकशी करायला दोन माणसं येऊ लागली. साधे कपडे, हातात चामडी पिशवी. माझ्याकडे चहा पीत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "भोंग्याचं काम कोणाकडे असतं हो, मावशी?" दुसरी म्हणजे त्राक गोड झाला. मुळात तो मऊ होताच, पण आता थोआच्या सासूसाठी संत्री घेऊन गेला. कधी उंबरा न ओलांडलेला माणूस बहिऱ्या म्हातारीशेजारी बसून संत्रं सोलत होता. मला पाहून म्हणाला, "मोठ्यांचे आशीर्वाद घ्यावेत."

झडतीच्या आदल्या सकाळी सगळे माझ्याकडे जमले. थंडीची भुरभुर चालू होती, सगळे शेगडीभोवती आखडून बसले होते.

"या वर्षी मी 'तापट' घेतो," हीएप म्हणाला. "दर वर्षी भिडस्त होऊन कंटाळा आला."

"तू तापट? बायकोपुढे बूट हातात घेऊन घरात शिरतोस!" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तेवढ्यात त्राक आला. त्याने सगळ्यांसाठी भात सांगितला, हेच मुळात नवल. बसला, हात शेकले आणि म्हणाला, "वरून बोलणी खाल्लीत मी. म्हणतात, तुमच्याकडचे सगळे एकाच साच्यातले. एक तरी दोष खरा वाटेल असा हवा, नाहीतर अख्ख्या ऑफिसचं वर्ष 'उत्तम' धरणार नाहीत."

भात खाणाऱ्यांनी खाणं थांबवलं.

"कोणाला घ्यावा लागेल तो?" हीएपने विचारलं.

"ज्याच्यावर वरच्यांचा विश्वास आहे, त्याने घेतला तर शोभतो," त्राक म्हणाला आणि थोआकडे बघून हसला. "ताई, उपप्रमुखाच्या जागेसाठी मी तुमचंच नाव घातलंय. सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही किती केलंत ते. पण वर लिहून गेलं की मोकळेपणाने आपली उणीव मान्य करते, तर जागा नक्की. भोंग्याच्या पाहणीत कमी पडले, एवढंच. एक ओळ. इशाऱ्याचं सगळं खातं मग तुमच्या हातात. नवे भोंगे तुम्हीच घ्यायचे."

"मग मी तापट, हे ठरलं ना?" हीएप वातावरण हलकं करायला म्हणाला.

"नको," त्राक म्हणाला. "तू भिडस्तच राहा. बाकी सगळ्यांनी जुनंच राहू द्या. उगाच बदलू नका."

हे बोलताना तो हसला नाही. मी त्याच्याकडे बघितलं आणि किटली तिरकी झाली, गरम चहा माझ्याच पायावर सांडला.

ते गेल्यावर मी थोआला धरून बसवलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हे कसलं हात दाखवून अवलक्षण! भोंग्याचं तू किती वेळा सांगितलंस ते या बाकाने ऐकलंय. आणि आता तूच उठून म्हणणार, मी कमी पडले?"

"एक ओळ तर आहे, मावशी. दर वर्षी आपण हसतोच ना त्या ओळींवर?" तिचा तो घोगरा, फाटका आवाज. "माझ्या हातात खातं आलं तर प्रत्येक वाडीला भोंगा बसवीन. वळणापलीकडेही. त्राकदादाच्या 'वर कळवलंय'ची वाट बघायला नको."

"आणि ती चामडी पिशवीवाली माणसं?"

"ती त्यांचं काम करतात, मी माझं." तिने बाकावरचे रिकामे पेले गोळा केले. "आणि खोटं तरी काय आहे त्यात? मी पोचले नाही ना त्याच्यापर्यंत."

एवढं म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी नाही म्हणावं म्हणून. मी म्हटलंही. शंभरदा म्हटलं. पण माणसाला आतून एकदा वाटलं की दोष माझाच, मग बाहेरून कोणी दिला तरी तो मापाचा बसतो. माझं बोलणं तिच्या कानावरून गेलं. मला तिचा राग आला आणि तिच्या त्या डोळ्यांकडे बघून रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचा निळा शर्ट घालून आली. मी तिला भात बांधून दिला. ऑफिसच्या हॉलमध्ये माईक लावला होता, तोच लग्नात गाणी म्हणायला नेतात तो. दर वर्षी त्या माईकचा आवाज माझ्यापर्यंत अर्धामुर्धा येतो. त्या दिवशी सगळा आला, कारण खिडक्या सताड उघड्या होत्या. एवढ्या थंडीत! त्राकने स्वतः उघडायला लावल्या. म्हणाला, आत कोंदतं.

आणि माझ्या बाकावर ती दोन माणसं येऊन बसली. "मीटिंग संपेपर्यंत थांबतो इथेच," त्यांतला थोराड म्हणाला. मी चहा दिला.

पहिलं नाव थोआचं पुकारलं. तिने वर्षभराची कामं वाचली, वंगण, गाळ, गवत, दरवाजे. खोकली. मग वाचलं, "माझी उणीव अशी की इशारा देणाऱ्या भोंग्याची वेळच्या वेळी पाहणी करण्यात मी कमी पडले, आणि त्याचे परिणाम झाले. पुढच्या वर्षी खालच्या प्रत्येक वाडीला भोंगा बसवण्यासाठी मी झटेन." ते 'परिणाम झाले' तिचं नव्हतं. आदल्या दिवशी ते नव्हतंच. कोणीतरी रातोरात तिच्या एका ओळीला शेपूट जोडलं होतं आणि तिने भाबडेपणाने तेही वाचलं.

टाळ्या झाल्या. मग हीएपचं नाव आलं. "माझी उणीव अशी की मी भिडस्त आहे. सहकाऱ्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायला कचरतो."

मग तिसरा. "मी भिडस्त आहे. सहकाऱ्यांच्या चुका..."

मग चौथी, मग पाचवा. तेच शब्द, तोच सूर. इतकी वर्षं मी ज्याला हसत आले तेच वाक्य. पण इतकी वर्षं त्या चुका कोणाच्याच नव्हत्या, हवेतल्या होत्या. आज तिथे एक चूक मांडून ठेवलेली होती आणि प्रत्येक जण जणू तिच्याकडे बोट दाखवून बसत होता. म्हणजे तिची चूक आम्हाला दिसत होती, भिडेपोटी बोललो नाही, असंच. त्या बिचाऱ्यांना ते कळतही नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

शेवटी त्राक उभा राहिला. मऊ आवाजात म्हणाला, "माझीही हीच उणीव. हाताखालच्या माणसांवर माया जास्त. थोआताईंना वेळीच कठोर शब्दांत बोलायला हवं होतं, ते माझ्याने झालं नाही."

थोराड माणसाने पेला खाली ठेवला. "ऐकलंस?" त्याने दुसऱ्याला विचारलं. दुसऱ्याने मान हलवली आणि चामडी पिशवी उघडली.

मला राहवलं नाही. "खोटं आहे हे, साहेब! ह्याच बाकावर तिने त्याला सांगितलं होतं. उन्हाळ्यापासून. मी ह्या कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, रंग लावा. हे बघा, हे माझं पातेलं, हे बडवत गेली होती ती!" मी पोचे आलेलं पातेलं त्यांच्यापुढे आणून आदळलं.

थोराड माणूस उर्मट नव्हता. उर्मट असता तर बरं झालं असतं. त्याने पातेल्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही ऐकलेलं तुमच्यापाशी. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, अख्ख्या ऑफिसने दुजोरा दिलाय, कोणी दमदाटी केली नाही. तुम्ही आणि आम्ही एकाच वेळी ऐकलं. आता यात आम्ही काय जोडायचं?"

आत हात वर करायला सांगितलं. "थोआताईंचं वर्ष उत्तम मानावं, कोण अनुकूल?" खुर्च्या करकरल्या. "एकमताने!" पुन्हा टाळ्या. मी रस्ता ओलांडायला निघाले, मध्येच विटांचा ट्रक आला, थांबावं लागलं. तो जाईतो हॉलचं दार उघडलं होतं.

थोआ सगळ्यांच्या पुढे बाहेर आली. कोणीतरी हातात फुलं दिली होती. मला बघून तिने रस्त्यापलीकडूनच फुलं उंच धरली. पुरानंतर तिचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. मानेने मी नको नको म्हणत होते, तिला ते कौतुकाचं वाटलं. तिच्यामागे दारात हीएप उभा होता. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं, मग माझ्या मागून उठून येणाऱ्या दोघांकडे, मग उघड्या खिडक्यांकडे. हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

ती दोन माणसं माझ्या बाजूने रस्ता ओलांडून गेली. थोराडाने तिला अदबीने वाकून विचारलं, "भोंग्याचं काम बघणाऱ्या थोआताई आपणच का?"

त्या दोघांना तिने समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, नव्या भोंग्यांसाठी आलेत.

"हो, मीच!" ती म्हणाली. आणि तिचा जुना आवाज परत आला होता. खणखणीत, या काठावरून त्या काठाला जाणारा. माझ्या टपरीवरचे पेले थरथरले.